एप्सम : लाँग ग्रोव्ह की युएल कॉलनी?

पुतणी आर्किटेक्चरला आहे. प्रबंधासाठी इंग्लंडमधल्या एप्समचं कोणतं जुनं मनोरुग्णालय घ्यावं, लाँग ग्रोव्ह की युएल कॉलनी, इथं तिचं अडलंय. दोन्ही लंडन कौंटी कौन्सिलनेच (लंडनचा कारभार पाहणारी तेव्हाची संस्था) उभारलेली.

लाँग ग्रोव्ह (१९०७) वास्तुविशारद जॉर्ज हाइनच्या बाणाकृती आराखड्याचं. वॉर्ड पायऱ्यांसारखे मागे सरकत गेलेले, म्हणजे दक्षिणेचं ऊन कुणाचं अडत नाही. सगळे लांबलचक कॉरिडॉरने जोडलेले. पावसातही जेवण न भिजता पोचायचं, देखरेख थोडक्या माणसांत भागायची. वाढवायचं म्हटलं की मात्र पंचाईत.

युएल (विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं) अपस्माराच्या रुग्णांसाठी, सुट्या बंगल्यांचं. जागा हवी? आणखी एक बंगला बांधा. घरपणही जास्त, पण दर बंगल्याला वेगळी माणसं, म्हणजे खर्च आलाच.

गर्दीची व्यवस्था अभ्यासायची तर लाँग ग्रोव्ह. विस्तार आणि रुग्णाचं रोजचं जगणं पाहायचं तर युएल.