जुन्या जोडशब्दांसाठी ऑनलाइन ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी

जुने अर्थ शोधायला हा कोश उत्तमच. अर्थ कालक्रमाने लावलेले असतात, म्हणून 'हार्ट्सईज' उघडलं की आधी मनाची स्वस्थता भेटते, पॅन्सीचं फूल नंतर. 'हार्ट-पी' म्हणजे कपाळफोडीचा वेल. काळ्या बीवर पत्त्यातल्या बदामासारखा पांढरा ठिपका असतो, किती नेमकं नाव! वाटाण्याचे शब्द शोधताना 'पी'वर थांबू नका. मूळ एकवचन 'पीज'. शेवटचा 'ज' अनेकवचनाचा समजून लोकांनी तो गाळला. 'पीजकॉड', म्हणजे वाटाण्याची शेंग, याच जुन्या रूपातून बनला. 'पी-जॅकेट'चा मात्र वाटाण्याशी संबंध नाही. ते डच भाषेतल्या जाड लोकरी कापडाच्या नावावरून आलं. शब्द सापडला नाही तर जोडून, तोडून, संयोगचिन्ह घालूनही पाहा. पूर्ण नोंदींना वर्गणी लागते, ही खरी अडचण.