फुकट विमान तिकिटासाठी पहिलं कार्ड: माइल्सचं घ्यावं की कॅशबॅकचं? खान्देशातून पाहिलं तर

माझं मत आधीच सांगून टाकतो. जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यात राहणाऱ्या आणि आयुष्यातलं पहिलं क्रेडिट कार्ड घेणाऱ्या बहुतेकांनी जॉइनिंग बोनसच्या, म्हणजे नवं कार्ड घेतल्यावर बँक एकदाच देते त्या पॉइंटांच्या, मागे लागू नये. कॅशबॅकचं, म्हणजे खर्चाचे काही टक्के पैसे परत देणारं, साधं कार्ड घ्यावं आणि जमलेल्या पैशांतून तिकीट काढावं. पण काही घरं अशी आहेत की त्यांना मी नेमकं उलटं सांगेन. तुमचं घर कोणत्या गटात बसतं, ते खालचं गणित पाहून ठरवा.

सगळ्यात आधी विमान कुठून धरणार ते पाहू, कारण पुढचं बरंच त्यावर ठरतं. जळगावला विमानतळ आहे. ट्रूजेट ही विमान कंपनी आली नि गेली. २०२४ पासून फ्लाय९१ आणि अलायन्स एअर यांची छोटी एटीआर विमानं येऊ लागली. सोय चांगली आहे, पण कार्डावर जमवलेले माइल्स, म्हणजे विमान तिकिटासाठी वापरायचे पॉइंट, या दोन्ही कंपन्यांच्या तिकिटांवर थेट वळवता येत नाहीत. अलायन्स एअर पूर्वी एअर इंडियाची होती, म्हणून अजून अनेकांचा गोंधळ होतो. एअर इंडिया टाटांकडे गेली, अलायन्स एअर सरकारकडेच राहिली. त्यामुळे महाराजा क्लबचे, म्हणजे एअर इंडियाच्या योजनेतले, पॉइंट घेऊन जळगावच्या मेहरुणच्या पलीकडे उडता येईल, हा हिशोब मनातून काढून टाका.

उरतं काय? जळगावकरांना अजिंठ्याचा घाट उतरून-चढून छत्रपती संभाजीनगर. धुळेकरांना नाशिक, किंवा सेंधव्याचा घाट ओलांडून इंदूर. नंदुरबारकरांना तापी लाइनची गाडी धरून सुरत. आणि सगळ्यांना मुंबई. यांतल्या लहान विमानतळांवर फेऱ्या सर्वाधिक असतात त्या इंडिगोच्या. देशात विमानाने जाणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक तिच्याच विमानात बसतात. म्हणजे पोरगा बंगळूरला नोकरीला आहे आणि आई-वडिलांना वर्षातून एकदा त्याच्याकडे जायचंय, एवढीच गरज असेल तर सिंगापूर एअरलाइन्सचे माइल्स जमवून करणार काय? तिथे रोकडा रुपयाच कामाचा.

आता फुकट तिकिटाचे जे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात, त्यांच्याकडे येऊ. अमेरिकेत एका कार्डावर साठ-ऐंशी हजार पॉइंट मिळतात, तीन महिन्यांत ठरलेला खर्च केला की बिझनेस क्लासचं तिकीट हातात. ते खोटं नाही. पण तिथे प्रत्येक स्वाइपमागे दुकानदाराकडून जो कट बँकेला मिळतो, त्यातूनच हे बोनस निघतात. आपल्याकडे चहाच्या टपरीपासून भाजीपर्यंत सगळं यूपीआयवर गेलं आणि तिथे बँकेला फारसं काही सुटत नाही. त्यामुळे भारतातले जॉइनिंग बोनस लहान असतात. एका बोनसवर इथे परदेश दौरा होत नाही. फार तर मुंबई-दिल्लीचं एकेरी तिकीट निघतं, आणि त्यावरही कर नि विमानतळ शुल्क वेगळं भरावं लागतं. ‘फुकट’ तिकिटावरही खिशात हात जातोच, भो.

आता दोन कार्डं शेजारी ठेवून पाहू. एकीकडे अ‍ॅक्सिस बँकेचं अ‍ॅटलास, म्हणजे माइल्सवाल्यांचं लाडकं कार्ड. दुसरीकडे एसबीआय कार्डचं कॅशबॅक. खालचे आकडे २०२५ पर्यंतच्या नियमांचे आहेत. बँका ते बदलत असतात, म्हणून अर्जाच्या दिवशीचे नियम बँकेच्या साइटवरूनच वाचायचे, एजंटाच्या तोंडून नाही.

अ‍ॅटलासची फी ५,००० रुपये. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५,९००. कार्ड जारी झाल्यापासून ३७ दिवसांत पहिला व्यवहार केला की २,५०० माइल्स. साध्या खर्चावर दर शंभराला २ माइल्स, विमान कंपनीच्या किंवा हॉटेलच्या साइटवर थेट खर्च केला तर शंभराला ५. वर्षात ३ लाख खर्च झाले की आणखी २,५००. समजा तुमचा वर्षाचा कार्डावरचा खर्च बरोबर ३ लाख आहे आणि तो सगळा साधा आहे. ६,००० अधिक २,५०० अधिक २,५००, म्हणजे ११,००० माइल्स झाले. बँकेच्या स्वतःच्या पोर्टलवर तिकीट काढलं तर एक माइल म्हणजे एक रुपया. म्हणजे ११,००० रुपये. फी वजा केली की ५,१०० उरले.

कॅशबॅक कार्डाची फी ९९९, जीएसटी धरून १,१७९. ऑनलाइन खरेदीवर ५ टक्के, दुकानातल्या स्वाइपवर १ टक्का. तेच ३ लाख, त्यातले २ लाख ऑनलाइन नि १ लाख दुकानात. १०,००० अधिक १,०००. पुन्हा ११,०००! पण इथे फी वजा जाऊन ९,८२१ उरतात. महिन्याच्या कॅशबॅकला कमाल मर्यादा आहे, म्हणून खर्च वर्षभर पसरलेला हवा, एवढंच पथ्य.

इथे थांबून कॅशबॅक जिंकलं असं म्हणता आलं असतं, पण दोन गोष्टी राहिल्या. एक म्हणजे खान्देशातल्या किती घरांचा ऑनलाइन खर्च वर्षाला २ लाख असतो? पुण्याला शिकणारी मुलं असतील, घरात ऑर्डरीचे खोके रोज येत असतील, तर असेल. पण ऑनलाइन खर्च ५० हजारच असेल आणि बाकीचे अडीच लाख फर्निचर, कपडे, दवाखाना असे दुकानांत जात असतील, तर कॅशबॅक होतो २,५०० अधिक २,५००, म्हणजे ५,०००. फी जाऊन ३,८२१. तिथे अ‍ॅटलास पुढे गेलं. अर्थात पहिल्या वर्षीच. जॉइनिंगचे २,५०० एकदाच मिळतात. दुसऱ्या वर्षी तोच खर्च केला तर ८,५०० माइल्स नि ५,९०० फी, हातात २,६००.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. अ‍ॅटलासचा एक माइल भागीदार विमान कंपनीकडे वळवला की त्याचे दोन होतात. म्हणजे ११,००० चे २२,०००. हे २२,००० पॉइंट नीट वापरले आणि एकेकाचा रुपया सुटला, तर फी जाऊन १६,१०० रुपयांचा फायदा. पन्नास पैसेच सुटले तर पुन्हा ५,१०० वर. या दोन टोकांमध्ये तुम्ही कुठे पडाल, ते तुमच्या हौशीवर आहे. पाच-सहा महिने आधी तारखा शोधायच्या, जागा सुटली की धरायची, त्यासाठी मुंबईला जाऊन रात्री अडीचचं विमान पकडायचं, हे ज्याला जमतं त्याला रुपया सुटतो. ज्याला दिवाळीच्या सुट्टीतच, चौघांनी एकत्र आणि तेही संभाजीनगरहूनच जायचंय, त्याला सहसा पन्नास पैसेही सुटत नाहीत. शिवाय एकदा वळवलेले माइल्स परत बँकेत येत नाहीत, आणि सिंगापूरच्या क्रिसफ्लायरसारख्या योजनेत तीन वर्षांनी ते मरतात.

एका एअरलाइनच्या नावाने निघालेली कार्डंही बाजारात आहेत. त्यांच्याबद्दल फार लिहीत नाही. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेज जमिनीवर आली, १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विरघळली. दोन्हींची कार्डं लोकांच्या पाकिटात होती. कामासाठी महिन्याला दोन फेऱ्या एकाच कंपनीने होत असतील तरच असलं कार्ड घ्यावं. अमेरिकन एक्सप्रेसचं नाव कोणी सुचवलं तर आधी पिनकोड टाकून पाहा, कारण ते ठरावीक शहरांतच कार्ड देतात.

आता खर्चाकडे येऊ, कारण जॉइनिंग बोनसचा खरा घोळ तिथेच होतो. कार्डावरचा सगळाच खर्च मोजला जात नाही. अ‍ॅटलासवर सोनं, इंधन, विमा, घरभाडं, वीजबिल, सरकारी भरणा यांना माइल्स नाहीत. कॅशबॅक कार्डाची वगळलेली यादीही जवळपास अशीच. म्हणजे आखाजीला जळगावच्या सराफ बाजारात जाऊन दोन तोळ्यांचा हार कार्डावर घेतला आणि वाटलं की एका झटक्यात ३ लाखांचं टार्गेट जवळ आलं, तर महिनाअखेरीस पदरात काहीच नाही. ट्रॅक्टरच्या डिझेलचंही तेच. लग्नाचा खर्च मोठा असतो खरा, पण त्यातला कार्डावर जाणारा किती, हे कागद घेऊन मांडा. मंडपवाला, आचारी, बँडवाला यांना नगद हवी. सोनं मोजत नाही. उरतो कापडाचा बस्ता, मुलीचं फर्निचर, फ्रिज नि वॉशिंग मशिन. तेवढ्यातही दीडेक लाख निघू शकतात, आणि ज्या घरात या वर्षी लग्न आहे त्या घराला मी माइल्सचं कार्ड घ्या म्हणेन. अर्ज मात्र बस्त्याच्या दोन महिने आधी. ऐन वेळी अर्ज केला तर कार्ड हाती येईपर्यंत हळद लागलेली असते.

दुकानदार ‘कार्डावर दोन टक्के वर लागतील’ म्हणाला तर कार्ड परत खिशात. दोन टक्के देऊन दोन टक्क्यांचे माइल्स घेण्यात काय हशील? आणि तालुक्याच्या प्रत्येक गावात कार्ड घासून नगद करून देणारा एखादा असतोच. टार्गेट पुरं करायला त्याच्याकडे जाऊ नका. बँकेच्या नियमात ते बसत नाही, कार्ड बंद होतं आणि जमलेले पॉइंटही जातात.

शेतकऱ्यांसाठी वेगळं लिहायला हवं, कारण पैशाचं चक्रच वेगळं. कापसाचं बियाणं नि खत जूनमध्ये, पैसे येणार दिवाळीच्या पुढे-मागे. कृषी केंद्रवाला तोवर उधारी सांभाळतो. कार्ड सांभाळत नाही. त्याला फार तर पन्नास दिवसांत पूर्ण पैसे हवेत. ५०,००० चं खत कार्डावर घेतलं आणि थकवलं, तर महिन्याला साधारण साडेतीन टक्के व्याज म्हणजे १,७५०, त्यावर जीएसटी धरून २,०६५. तीन महिन्यांत सहा हजारांवर. पहिल्या वर्षीचा सगळा बोनस एका खताच्या बिलात गेला. किसान क्रेडिट कार्डावर पीककर्ज ७ टक्क्यांनी मिळतं, वेळेत फेडलं तर ४ टक्क्यांनी पडतं, आणि तेही वर्षाला. बियाणं-खत त्यावरच असू द्या. ‘मिनिमम ड्यू भरा, काही होत नाही’ असं फोनवर कोणी सांगितलं तर ऐकू नका. मिनिमम भरलं तरी उरलेल्यावर व्याज चालूच राहतं आणि नव्या खरेदीचीही बिनव्याजी मुदत जाते.

रावेर-यावलकडच्या केळीवाल्यांकडे पैसा वर्षभर थोडा थोडा येतो, त्यांना मासिक बिल झेपतं. त्यांची अडचण दुसरीच. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, म्हणून अनेकांकडे रिटर्न नसतं, आणि रिटर्नशिवाय अ‍ॅटलाससारखं कार्ड मंजूर होणं कठीण. त्यांनी मुदतठेवीवर मिळणाऱ्या कार्डापासून सुरुवात करावी. आयडीएफसी फर्स्टचं वॉव तसं आहे. ठेवीवर व्याज चालू राहतं, आणि वर्ष-दीड वर्ष बिलं वेळेवर भरली की सिबिल स्कोअर तयार होतो. ७५० च्या वर गेला की दारं उघडतात. सिबिलसारख्या प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एक अहवाल मोफत मिळतो, तो काढून पाहत जा. चार बँकांत एकदम अर्ज टाकू नका, प्रत्येक चौकशीची नोंद राहते.

अमळनेरच्या शाळेतले शिक्षक पती-पत्नी असतील, पगार बँकेत येतो, रिटर्न भरलेलं आहे, तर त्यांना मी असं सांगेन: पहिल्या वर्षी एकाच्या नावावर कॅशबॅक किंवा फी नसलेलं कार्ड. अ‍ॅमेझॉनवर खरेदी होत असेल तर आयसीआयसीआयचं अ‍ॅमेझॉन पे कार्ड बिनफीचं आहे, प्राइमवाल्यांना तिथे ५ टक्के मिळतात. वर्षभर बिल पूर्ण भरायची सवय लागली आणि दीड-दोन वर्षांत मुलीकडे सिंगापूरला किंवा युरोपात जायचं ठरलं, की मग दुसऱ्याच्या नावावर माइल्सचं कार्ड. अ‍ॅड-ऑन, म्हणजे पहिल्याच्याच खात्यावर निघणारं जोडकार्ड, नको, स्वतंत्र अर्ज. अ‍ॅड-ऑनवर सहसा जॉइनिंग बोनस मिळत नाही.

अयोध्या, काशी, तिरुपती एवढाच बेत असेल तर या दुसऱ्या कार्डाची गरज नाही. भुसावळहून गाड्या आहेत, आणि कॅशबॅकच्या पैशांत एसीची तिकिटं निघतात.

एक शेवटचं, फीच्या तारखेचं. माइल्सचं कार्ड घेतल्याच्या दिवशीच मोबाइलमध्ये अकराव्या महिन्याची आठवण लावून ठेवा. दुसऱ्या वर्षाचा हिशोब जमत नसेल तर जमलेले माइल्स आधी वापरून किंवा वळवून टाका, बिल शून्यावर आणा आणि मग कार्ड बंद करायचा लेखी अर्ज द्या. थकबाकी नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणं बँकेला बंधनकारक आहे. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार उशीर झाला तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये बँकेने ग्राहकाला द्यायचे असतात. कस्टमर केअरवाला ‘सर, फी माफ करतो’ म्हणाला, तर ती माफी मेसेजवर आल्याशिवाय हो म्हणू नका.