माळवद उतरवून चुन्याची गच्ची केली: दोन पावसाळ्यांनंतरचा अनुभव

आमचं घर साताऱ्याच्या जुन्या पेठेत. पुढचा सोपा कौलारू, पण मागच्या तीन खणांवर माळवद. माळवद हे खरं तर माण-खटावकडचं, कमी पावसाच्या मुलखातलं मातीचं सपाट छप्पर. सासऱ्यांचे आजोबा तिकडून आले आणि तिकडच्यासारखंच घर बांधलं. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तेवढा साताऱ्यात नाही, पण माळवदाला झेपेल इतका कमीही नाही. म्हणून दर मे महिन्यात पांढरी माती पसरायची आणि जून-जुलैत माजघरात पातेली मांडायची, असं मी लग्न होऊन आल्यापासून बघतेय.

मध्ये एका ठेकेदाराच्या सांगण्यावरून मातीवर सिमेंटचा गिलावा मारून घेतला. ती आमची सर्वांत मोठी चूक. वर्षभरात त्याला भेगा पडल्या. त्यांतून पाणी आत जायचं, पण वरून वाळायला वाटच नाही. गळती थांबली असं वाटत होतं आणि आत लाकूड कुजत होतं. सासूबाई रोज म्हणायच्या, "अगं, देवघरात कुबट वास येतोय." आम्ही उंदीर शोधत बसलो.

२०२४च्या फेब्रुवारीत सगळं उतरवलं. दर वर्षी थर चढत गेल्याने माती फूटभराच्या वर निघाली. फूटभर माती म्हणजे चौरस फुटाला ५० किलोच्या आसपास ओझं. आमच्या ३०० चौरस फुटांवर चौदा-पंधरा टन. माती उतरली त्याच आठवड्यात माजघराचं दार, जे कित्येक वर्षं खांदा लावून ढकलावं लागायचं, ते एका बोटाने उघडलं. तुळया सागाच्या, मधे ठणठणीत. पण भिंतीत गेलेली दोन टोकं हाताने कुस्करावीत इतकी भुगा झाली होती. ती कापून जुन्याच सागाचे जोड दिले आणि टोकांभोवती हवा खेळेल अशी बोटभर जागा सोडली.

स्लॅब टाका, असा सल्ला जवळपास सगळ्यांनी दिला. पण जाड मातीच्या भिंती आणि लाकडी तुळया यांवर सिमेंट बसवलं की ओल आतच कोंडते, हे आम्ही पैसे मोजून शिकलो होतो. म्हणून चुना. तुळयांवर कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या आणि फळ्या, त्यावर चुना, सुरखी (विटांची भुकटी) आणि विटांचे तुकडे यांचा चार इंच कोबा. गूळ आणि बेलफळाचं पाणी शिंपडत तो लाकडी थापीने सात दिवस बडवला. पहिल्या दिवशी आवाज मऊ, ओल्या मातीवर मारल्यासारखा येतो. सातव्या दिवशी थापी टणकन उसळते. मिस्त्री म्हणाले, "वहिनी, कान द्या, आता ते बोलतंय." पुढे दोन आठवडे ओली पोती. शेजाऱ्यांना तो ठोका फार सोसावा लागला, त्याबद्दल मला अजून वाईट वाटतं.

खर्च स्लॅबच्या अंदाजाच्या दीडपट आला. जाणता गवंडी मिळायला चार महिने लागले.

पहिला पावसाळा कोरडा गेला, एक थेंब नाही. दुसऱ्या वर्षी, २०२५ला, मे महिन्यातच पाऊस कोसळू लागला आणि आम्ही पन्हळी साफ केल्याच नव्हत्या. शेजारच्या पिंपळाची पानं तोंडाशी अडकून गच्चीवर घोट्याएवढं पाणी साचलं. उत्तरेच्या भिंतीलगत ओल उतरली. पाहिलं तर तिथला वाटा, म्हणजे भिंत आणि गच्ची मिळते तिथला गोलवा, हातभर सुटला होता. बाकीच्या गच्चीला काही झालं नव्हतं. चुन्याचा लेप देऊन तो पुन्हा भरला. त्यानंतर श्रावणातली झड लागली तरी भिंत कोरडी राहिली.

तेव्हा कोणी करणार असेल तर पैसे कोब्याइतकेच उतार, वाटा आणि पन्हळी यांवर घाला. पाच फुटाला एक इंच उतार धरा आणि तो मिस्त्रीसमोर बादलीभर पाणी ओतून स्वतः बघा. काम फेब्रुवारीच्या पुढे सुरू करू नका. चुना हवेतूनच हळूहळू घट्ट होतो, त्याला महिने लागतात.

तक्रारी आहेतच. सावलीच्या कोपऱ्यात शेवाळ धरतं, पाय सटकतो. केसाएवढ्या रेषा दिसतात. त्या गळत नाहीत, पण पहिल्यांदा दिसल्या तेव्हा मला रात्रभर झोप आली नाही. गच्चीवर जड टाकी ठेवता येत नाही, म्हणून ती अंगणातच आहे.

उन्हाळ्यात माजघर मातीच्या माळवदाखाली होतं तितकंच गार राहतं. ते तापेल, याचीच मला सर्वांत जास्त धास्ती होती. देवघरातला वास गेला. या एप्रिलमध्ये सासूबाईंनी वर कुरडया घातल्या, आणि पिंपळाची फांदी छाटायला माणूस सांगून ठेवलाय.