शहादा, धुळे की सुरत? शिकाऊ डॉक्टरांच्या रुग्णालयात ऑपरेशन करावं का

माझी धाकटी बहीण शहाद्याला दिलेली. वय ५८, साखर आहे, आणि आता पित्ताशयात खडे निघालेत. दोनदा रात्री पोटात कळ उठली, सलाईन लावावी लागली, तेव्हा सोनोग्राफी झाली आणि पित्ताची पिशवी काढावी लागेल असं ठरलं. दुसऱ्याच दिवशी भाचीचा फोन आला. घरात तीन मतं पडली होती. जावई म्हणतात, गावातलंच खाजगी बरं. दीर म्हणतात, धुळ्याचं सरकारी मेडिकल कॉलेज. आणि नणंदेचं म्हणणं, सुरत, कारण आमच्याकडची कितीतरी माणसं नंदुरबारहून गाडीत बसतात ती थेट सुरतेच्याच दवाखान्यात उतरतात. भाचीचा प्रश्न मात्र एकच होता: "मावशी, तठे शिकाऊ डॉक्टर मन्ही मायले चिरतीन का वं?"

मी ३१ वर्षं नर्सिंग शिकवलं. हा प्रश्न मला वॉर्डात, एसटीत, लग्नाच्या मांडवातही विचारला गेलाय. भीती खरी आहे. पण डॉक्टर आणि नर्स कसे शिकले याचा ऑपरेशन झालेल्या माणसावर काय परिणाम होतो, यावर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत चांगलं संशोधन झालंय. त्यातलं बरंचसं अमेरिका-युरोपातलं आहे. तरी हात, डोळे आणि रात्रपाळी सगळीकडे सारखीच असते, म्हणून तिन्ही पर्याय त्या उजेडात ताडून बघते.

आधी शिकाऊ डॉक्टरांचंच. सरकारी कॉलेजात एमएस करणारे डॉक्टर म्हणजे एमबीबीएस पूर्ण केलेली, तीन वर्षं शस्त्रक्रिया शिकणारी मुलं. पहिल्या वर्षाचा ड्रेसिंग आणि भरतीचे कागद सांभाळतो, दुसऱ्या वर्षाचा असिस्ट करतो, तिसऱ्या वर्षाचा सरांच्या समोर सोपे टप्पे स्वतः करतो. असे निवासी डॉक्टर ऑपरेशनमध्ये असतील तर काय होतं, हे अमेरिकेत मोठमोठ्या नोंदींवरून तपासलं गेलं. ऑपरेशनला वेळ जास्त लागतो. जखमेच्या वरवरच्या संसर्गासारखे किरकोळ त्रास थोडे वाढलेले दिसतात. मृत्यू मात्र वाढत नाहीत. थकलेल्या मुलांचं काय, असंही लोक विचारतात. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ११७ प्रशिक्षण केंद्रांवर त्याचीच चाचणी झाली. कामाच्या तासांचे नियम कडक ठेवले काय अन् सैल ठेवले काय, मृत्यू आणि गंभीर गुंतागुंत दोन्हीकडे सारखीच, ९ टक्क्यांच्या आसपास निघाली. मुलांचे हाल होतात हे खरं, आणि ते थांबले पाहिजेत, पण रुग्णाच्या बाबतीत एवढ्या एका गोष्टीवरून निर्णय करू नये.

आता खाजगीच्या बाजूचं सगळ्यात वजनदार म्हणणं: तिथे अनुभवी सर्जन स्वतः हात घालतो. हे म्हणणं खोटं नाही, पण "अनुभवी" या शब्दाच्या पोटात फार काही दडलेलं असतं. मिशिगन राज्यात जॉन बर्कमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २० सर्जनांकडून वजन कमी करण्याच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनची एकेक चित्रफीत मागवली. कोणाची आहे हे न सांगता ती दुसऱ्या सर्जनांना दाखवली आणि हाताच्या सफाईला गुण द्यायला लावले. तळाच्या चतुर्थांशातल्या सर्जनांच्या रुग्णांमध्ये गुंतागुंत १४.५ टक्के, वरच्या चतुर्थांशातल्यांच्या ५.२ टक्के. सगळे पदवीधर, सगळे नियमित ऑपरेशन करणारे. २०१३ चा हा अभ्यास आहे आणि माझ्या मते प्रत्येक नातेवाइकाला तो माहीत असावा. पाटीवरची पदवी बघून हात कळत नाही.

मग हात कुठे घडतो? डेव्हिड ॲश यांनी २००९ मध्ये फ्लोरिडा आणि न्यूयॉर्कमधल्या जवळपास ४९ लाख बाळंतपणांच्या नोंदी घेतल्या. ती बाळंतपणं करणारे ४,१०० च्या वर डॉक्टर १०७ वेगवेगळ्या ठिकाणी शिकलेले होते. सगळ्यात खालच्या पाचव्या हिश्श्यातल्या केंद्रांत शिकलेल्यांच्या हाती मोठी गुंतागुंत १३.६ टक्के, सगळ्यात वरच्या हिश्श्यातल्यांच्या हाती १०.३ टक्के. परीक्षेतले गुण हिशेबात धरले तरी फरक टिकला. म्हणजे डॉक्टर प्रॅक्टिसला लागल्यावरही त्याच्या शिक्षणाची जागा त्याच्या हातातून बोलत राहते. म्हणून खाजगी सर्जनला "किती वर्षं झाली?" एवढंच विचारून भागत नाही. एमएस कुठे केलं, दुर्बिणीचं काम कोणाच्या हाताखाली शिकलात, महिन्याला अशा किती पिशव्या काढता, हेही विचारायचं. चांगला सर्जन या प्रश्नांना रागावत नाही. मी विचारून पाहिलंय.

पिशवीच्या ऑपरेशनमध्ये खरी भीती एकच असते: पित्ताशयाच्या नळीऐवजी यकृतातून येणारी मुख्य पित्तनळी कापली जाणं. दुर्बिणीच्या ऑपरेशनात हे ढोबळमानाने हजारात तीन ते पाच जणांना होतं, पण ज्याला होतं त्याचं वर्ष जातं. ते टाळायची रीत ठरलेली आहे. नळी बंद करणारी क्लिप लावण्याआधी पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच वस्तू, नळी आणि धमनी, आजूबाजूची चरबी काढून स्वच्छ दिसल्या पाहिजेत. स्ट्रॅसबर्ग यांनी १९९५ मध्ये ही रीत शब्दांत बांधली. नीट दिसत नसेल तर थांबायचं, मदतीला दुसऱ्याला बोलवायचं, नाहीतर पोट उघडून करायचं. इथे मला शिकवणाऱ्या रुग्णालयाचा एक फायदा वाटतो जो आकड्यांत सापडत नाही. शिक्षक मुलाला विचारतो, "हे काय आहे? नक्की?" आणि मुलाला मोठ्याने उत्तर द्यावं लागतं. त्या एका प्रश्नाने कात्री क्षणभर थांबते. एकटा सर्जन स्वतःला मोठ्याने विचारत नाही. हे मी ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, उभी राहून अनेकदा पाहिलंय.

आणि मुलं थेट माणसावरच शिकतात असंही आता राहिलेलं नाही. २००२ मध्ये सेमूर यांच्या गटाने १६ निवासी डॉक्टरांपैकी निम्म्यांना आधी संगणकावरच्या आभासी यंत्रावर सराव दिला. त्यांनी पित्ताशय यकृतापासून सोडवायला २९ टक्के कमी वेळ घेतला आणि चुकाही कितीतरी कमी केल्या. हर्नियाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनवर मेयो क्लिनिकमध्ये ५० निवासी डॉक्टरांची अशीच चाचणी झाली, २०११ मध्ये. तिथे ठरलेल्या पातळीपर्यंत सराव पक्का करून आलेल्या मुलांच्या रुग्णांना गुंतागुंत कमी झाली. म्हणून मेडिकल कॉलेजला विचारण्यासारखा प्रश्न असा: तुमच्याकडे स्किल लॅब, म्हणजे अशा सरावाची खोली, आहे का, आणि मुलं ती वापरतात का?

पण माझं मन सगळ्यात जास्त अडकतं ते रात्रीवर.

माझ्या जेठांचं ऑपरेशन एका खाजगी रुग्णालयात झालं होतं. सर्जन हुशार, ऑपरेशन सुरेख. रात्री रक्तदाब उतरत गेला. ड्युटीवरच्या मुलीने दर तासाला तो नीट लिहून ठेवला: ११०, १००, ९०, ८४. नाडी वाढत गेली, तीही लिहिली. तिला वाचायला कोणी शिकवलंच नव्हतं. ती नर्सिंग शिकलेली नव्हतीच, दवाखान्यातच घडवलेली होती. पहाटे सहाला सर्जन आले, तेव्हा पोटात रक्त साचलेलं. पुन्हा ओटीत नेलं. वाचले, पण २२ दिवस राहिले, आणि माझ्या जावेच्या केसांत त्या २२ दिवसांत पांढरं आलं. त्या मुलीवर माझा राग नाही. तिला खुर्चीवर बसवणाऱ्यांवर आहे, आजही.

अमीर घाफेरी यांच्या २००९ च्या अभ्यासात नेमकं हेच आकड्यांत आहे. कमी मृत्यू होणाऱ्या आणि जास्त मृत्यू होणाऱ्या रुग्णालयांत मोठी गुंतागुंत होण्याचं प्रमाण जवळजवळ सारखं होतं, १६ ते १८ टक्के. फरक पडला तो नंतर. गुंतागुंत झालेल्यांपैकी एकीकडे १२.५ टक्के दगावले, दुसरीकडे २१.४ टक्के. वेळेवर ओळखणं आणि धावून जाणं, एवढाच काय तो फरक. आणि ओळखणारी असते नर्स. लिंडा एकन यांनी २०१४ मध्ये युरोपातल्या नऊ देशांतल्या ३०० रुग्णालयांतले पन्नाशीपुढचे ४,२२,७३० शस्त्रक्रियेचे रुग्ण पाहिले. पदवीधर नर्सचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असेल तिथे मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी कमी. प्रत्येक नर्सकडे एक रुग्ण वाढला की मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी जास्त. दुसरं वाक्य सरकारी वॉर्डाच्या विरोधात जातं, हे मी लपवणार नाही. सरकारी वॉर्डात एका सिस्टरकडे फार खाटा असतात. पण तिथली सिस्टर जीएनएम (नर्सिंगची पदविका) किंवा बीएस्सी झालेली, नोंदणी असलेली असते, आणि बोलावल्यावर वॉर्डात निवासी डॉक्टर येतो, रात्री दोनलाही. छोट्या खाजगीत खाटा कमी, लक्ष जास्त, पण रात्री कोण असतं हा प्रश्न उघडा राहतो. मोठ्या खाजगीत दोन्ही मिळू शकतं. विचारावं लागतं.

खाजगीच्या बाजूचं जे आहे ते सरळ सांगते. तारीख लवकर मिळते. कोण कापणार हे आधी माहीत असतं. घर जवळ असतं, डबा गरम पोहोचतो, आणि डिस्चार्जनंतर ताप आला तर त्याच माणसाकडे परत जाता येतं. सरकारीत थांबावं लागतं, नातेवाइकाला रिपोर्टसाठी पळावं लागतं. माझी बहीण चाळिशीची असती, साखर नसती, आणि शहाद्याच्या सर्जनने माझ्या प्रश्नांना नीट उत्तरं दिली असती, तर मी म्हटलं असतं, गावातच करा.

सुरतेचं थोडक्यात. पिशवी किंवा हर्नियासाठी एवढं लांब जाण्यात मला फायदा दिसत नाही. मात्र स्वादुपिंडाचा कॅन्सर असेल तर जिथे ते ऑपरेशन सतत होतं तिथेच जा, मग ती मुंबई असो की सुरत. बर्कमायर यांच्याच २००२ च्या अभ्यासात स्वादुपिंडाच्या ऑपरेशननंतर फार कमी काम करणाऱ्या रुग्णालयांत मृत्यू १६.३ टक्के, फार जास्त काम करणाऱ्यांत ३.८ टक्के होते. मानेच्या धमनीच्या ऑपरेशनात मात्र तोच फरक नगण्य होता. मोठं नाव प्रत्येक ऑपरेशनला लागत नाही.

कुठेही करा, ओटीत सुरक्षा यादी वाचली जाते का, ते विचारा. भूल देण्याआधी, कापण्याआधी आणि ओटी सोडण्याआधी मोठ्याने वाचायची ही यादी आठ शहरांत वापरून पाहिली, त्यात नवी दिल्लीही होती. मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आले, गुंतागुंत ११ वरून ७ वर. शहादा, तळोदा, धडगाव, अक्कलकुवा भागातल्या भिल्ल-पावरा घरांसाठी आणखी एक: ऑपरेशनआधी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी झालीच पाहिजे, आणि रिपोर्ट भूलतज्ज्ञाच्या हातात गेला पाहिजे. सिकलसेल असलेल्याला ओटीत थंडी, पाणी कमी पडणं, ऑक्सिजन उतरणं फार महागात पडतं.

पैशाचं म्हणाल तर धुळे जिल्हा २०१२ पासून, म्हणजे पहिल्या आठ जिल्ह्यांतच, राज्याच्या आरोग्य योजनेत आला. आज ती महात्मा जोतिराव फुले योजना आहे. काही शस्त्रक्रिया त्यात फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत, म्हणून खाजगीत भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, विचारा. सुरतेला जायचं तर आयुष्मान कार्ड त्या रुग्णालयात चालतं का, हे घरून निघण्याआधी फोन करून विचारा.

बहिणीसाठी मी धुळं ठरवलं. साखरेमुळे रात्री जागं राहणारं कोणी हवं होतं, हे एक कारण. दुसरं, मी ओपीडीत जाऊन युनिटच्या सरांना विचारलं, "क्लिप लावताना तुम्ही टेबलापाशी असाल ना?" ते म्हणाले, "असतो. आणि नीट दिसलं नाही तर उघडून करू, आधीच सांगून ठेवतो." भाचीला मी रेशन कार्ड, आधार, सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि साखरेच्या गोळ्यांची चिठ्ठी एका पिशवीत घालायला सांगितलंय. सोमवारी सकाळच्या एसटीने त्या निघतील.