नेरुळच्या घरात कॅनिस्टर फिल्टर : आठ महिन्यांनंतर

माशांच्या टँकला नोव्हेंबरात बसवलेल्या कॅनिस्टरला, म्हणजे टँकबाहेर ठेवायच्या बंद डब्याच्या फिल्टरला, आठ महिने झाले. टँक ३ बाय दीड बाय दीड फुटांचा, रेती-दगड वजा जाता पाणी साधारण १५० लिटर. मासे म्हणाल तर चार एंजल, दहा टेट्रा, पाच कोरी आणि एक सकर. आधी आत बसणारा पॉवर फिल्टर होता. सकरच्या घाणीने त्याचा स्पंज चार दिवसांत भरायचा.

खोक्यावर ताशी १२०० लिटर छापलंय आणि मी तोच आकडा बघून फिल्टर घेतला. चूक तिथेच झाली. तो आकडा सहसा रिकाम्या डब्याचा असतो. स्पंज आणि सिरॅमिक रिंग्ज, म्हणजे गाळणारा मीडिया, भरल्यावर मी स्प्रे बारच्या (टँकमध्ये पाणी सोडणाऱ्या भोकांच्या नळीच्या) पाइपाखाली बादली धरून मोजलं : १० लिटरला ५८ सेकंद, म्हणजे ताशी सुमारे ६२० लिटर. अडीच महिने न उघडता चालवल्यावर त्याच बादलीला ८५ सेकंद लागले. मोजताना बादली टँकमधल्या पाण्याच्या पातळीला धरा. कॅनिस्टरमध्ये पाणी जितकं खाली उतरतं तितकंच वर चढतं, त्यामुळे पंपाला मुख्यतः नळ्या आणि मीडिया यांचाच अडथळा असतो. बादली जमिनीवर ठेवली तर फ्लो उगाच जास्त दिसतो.

माझ्या टँकला टँकभर पाण्याच्या तासाला चार फेऱ्या पुरल्या. म्हणून पुन्हा घ्यायची वेळ आली तर पहिला प्रश्न विचारेन, डब्यात मीडिया किती लिटर मावतो? माशांच्या घाणीतला अमोनिया जिवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि ते जिवाणू राहतात या रिंग्जवर. नवा फिल्टर लावल्यावर जुना सहा आठवडे सोबत चालू ठेवला, त्यामुळे टेस्ट किटवर अमोनिया शून्यावरून हलला नाही. मोरबे धरणाचं पाणी नळाला क्लोरीन घालून येतं, म्हणून रिंग्ज मी नळाखाली कधीच धरत नाही. पाणी बदलताना काढलेल्या टँकच्या पाण्यातच खळबळून घेते.

सगळ्यात वाईट दिवस मे महिन्यातला. सकाळी लाइट गेली, सात तासांनी आली, घरात कोणी नव्हतं. बंद डब्यात पाणी नुसतं साचून राहिलं की त्यातला ऑक्सिजन जिवाणूच संपवतात आणि मग ते स्वतः मरू लागतात. लाइट येताच ते कुजकं पाणी टँकमध्ये गेलं. मी संध्याकाळी आले तेव्हा मासे वर तोंड काढून धापा टाकत होते, पाण्याला गटारासारखा वास. निम्मं पाणी बदललं, तरी दोन कोऱ्या गेल्या. अजून वाईट वाटतं. उन्हाळ्यात गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी असतो, हे ध्यानात ठेवायला हवं होतं. आता लाइट जास्त वेळ गेली की आई आधी प्लग काढते. मग मी डबा उघडून आतलं पाणी फेकते, मीडिया खळबळते आणि त्यानंतरच सुरू करते. बॅटरीवर चालणारा एअर पंपही आणून ठेवलाय.

दुसरा त्रास गळतीचा. पहिल्या सफाईनंतर झाकणाच्या रबरी ओ-रिंगखाली रेतीचा एक कण राहिला. रात्रभर थेंब थेंब पडून कपाटाचं प्लाय फुगलं. आता रिंग पुसून तिला सिलिकॉन ग्रीस लावते, आणि फिल्टर जुन्या परातीत ठेवलाय. वायर बोर्डाच्या खाली एक झोळ देऊन वर नेली आहे, म्हणजे पाणी ओघळलं तरी सॉकेटमध्ये जात नाही.

आवाज जवळजवळ नाही. सफाईनंतर अडकलेल्या हवेचा खडखड होतो, डबा थोडा कलता केला की जातो. पंप २० वॅटचा, म्हणजे महिन्याला साडेचौदा युनिटांच्या आसपास. पाणी आता इतकं नितळ आहे की मागच्या दगडावरचं शेवाळही मोजता येतं, आणि स्पंज धुणं चार दिवसांवरून दोन महिन्यांवर गेलंय.

घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला इम्पेलर (पंपातलं फिरतं पातं) आणि ओ-रिंग सुट्टी दाखवायला सांगा. माझ्या मॉडेलची रिंग मला तीन दुकानं फिरून मिळाली, आणि तोवर नऊ दिवस जुना फिल्टर एकटा राबत होता. दीड-दोन फुटांच्या टँकला मात्र एवढा खर्च करू नका, एअर पंपावरचा साधा स्पंज फिल्टर पुरतो. शेजारच्या मुलाच्या गप्पींना मी तोच लावून दिलाय.