थंडीची ऊब अन् उन्हाळ्याचा सैपाक: चूल, गोबरगॅस की सिलिंडर?

डिसेंबरात आमच्याकडे पहाटे पारा 10 अंशांच्या खाली उतरतो अन् मे महिन्यात दुपारी 45 पर्यंत चढतो. नवं घर बांधताना सैपाकघरात काय बसवायचं हे ठरवायचं, तर आधी एक हिशेब डोक्यात ठेवा. साध्या मातीच्या चुलीत जळतणाची जेमतेम 10 ते 15 टक्के उष्णता भांड्याला लागते. बाकीची भिंतींत, हवेत अन् धुरात जाते. ही वाया गेलेली आच म्हणजेच थंडीतली ऊब, अन् तीच मे महिन्यात बाईमाणसाला भाजून काढते.

म्हणून वैलाची, म्हणजे बाजूला दुसरं तोंड असलेली मातीची चूल थंडीला राजा. एकीकडे भाकर, वैलावर वरण, अन् विझल्यावरही माती बराच वेळ कोमट. तुराट्या, पऱ्हाट्या (तुरीची अन् कपाशीची वाळकी झाडं) घरच्याच. पण तुराट्या भसकन जळतात, सतत सारत बसावं लागतं. पऱ्हाट्यांची गंजी घराशी वर्षभर ठेवू नका. वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते अन् पुढच्या हंगामात वावरात येते. आणि धूर? कवेलूच्या घरात तो फटींतून थोडाफार निघतो, स्लॅबच्या घरात डोळ्यांत अन् छातीत जातो.

धुराड्याची चूल हा मधला मार्ग. धूर बाहेर, ऊब बरीचशी आत. मात्र धुराड्यातली काजळी वेळेवर काढली नाही, तर धूर उलटा घरात फिरतो. छपराला पाडलेलं भोक नीट लिंपलं नाही, तर पावसाळ्यात चुलीवरच गळतं. आमच्या मिस्त्रीनं तेच केलं होतं. एक अख्खा श्रावण चुलीवर परात उपडी घालून काढला.

गोबरगॅसचा विचार दावणीकडे पाहून करा. 2 घनमीटरच्या संयंत्राला रोज साधारण 50 किलो शेण लागतं, म्हणजे चार-पाच मोठी ढोरं, अन् जवळपास तेवढंच पाणी. गंमत अशी, की थंडीत टाकीतले जिवाणू सुस्तावतात अन् गॅस कमी येतो. उन्हाळ्यात भरपूर येतो, पण तेव्हा विहीर तळाला गेलेली असते. शिवाय शेण एकच: टाकीत घातलं तर गोवऱ्या नाहीत. टाकीतून निघणारी स्लरी (शेणाचा पातळ गाळ) वावराला मिळते, हा फायदा मात्र खरा. नुसत्या गोबरगॅसच्या भरवशावर थंडी काढायची म्हटली, तर चहालाही वाट पाहावी लागेल.

सिलिंडरचं फार सांगायला नको. 2016 मध्ये उज्ज्वला योजना आली तेव्हापासून बहुतेक घरांत शेगडी आहे, अडतं ते भरून आणण्यावर. गॅसवर निम्म्याहून जास्त आच भांड्यालाच लागते, म्हणून उन्हाळ्यात तोच बरा. पंखा तेवढा बंद ठेवावा लागतो. थंडीत त्याच्यानं खोली तापत नाही, अन् त्यासाठी जाळणं परवडतही नाही. इंडक्शनचं म्हणाल, तर लाइनच्या भरवशावर सैपाक टाकू नका.

माझं मत विचाराल तर एका चुलीत दोन्ही ऋतू बसत नाहीत. आत गॅस अन् सपरीत, म्हणजे घराला लागून असलेल्या उघड्या पडवीत चूल, हे जमत असेल तर तेच करा. सपरीला थंडीत एका बाजूनं तट्टा बांधला, की ऊब टिकते. उन्हाळ्यात तो काढून टाकायचा, फक्त चूल कुटाराच्या (वाळक्या भुशाच्या) ढिगापासून लांब हवी. मे महिन्यातल्या वाऱ्यात एक ठिणगी पुरते. रात्री उबेसाठी घमेल्यात इंगळ घेऊन दार लावून झोपायचं नाही. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

आम्ही हेच केलं. सैपाक आता बहुतेक गॅसवरच होतो, पण वांगं भाजायचं असलं की सासूबाई भर मे महिन्यातही पदर खोचून सपरीतच बसतात.