ऑनलाइन मास्टर्सचे आठ महिने: व्हिडिओंनी नाही, टीएने टिकवलं

नोकरी सांभाळून ऑनलाइन मास्टर्स करतेय, दोन टर्म झाल्या, तिसरी चालू आहे. याआधी तीन फुकट कोर्स अर्धवट सोडलेत त्यामुळे घरात कोणाचाच भरवसा नव्हता, माझाही नव्हता. (मी एकटीच नाही म्हणा, २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या एआय कोर्सला १ लाख ६० हजार जणांनी नाव नोंदवलं होतं, शेवटपर्यंत पोचले ते २० हजारांच्या थोडे वर.)

अ‍ॅडमिशन घेताना मी फक्त डेमो व्हिडिओ बघितले, स्टुडिओ, ग्राफिक्स वगैरे एकदम भारी. पण प्रत्यक्षात सगळ्यात चांगला विषय ज्या सरांचा निघाला ते टॅब्लेटवर हाताने लिहीत बोलतात, मधेच खोकतात, खोडतात, पण एक मुद्दा म्हणजे एक व्हिडिओ, पाच-सहा मिनिटांत संपवून लगेच दोन प्रश्न. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरच्या ६९ लाख व्हिडिओ सेशन्सवरचा २०१४ चा अभ्यास आहे त्यातही हेच, व्हिडिओ कितीही लांब असो, लोक साधारण सहा मिनिटांच्या पुढे टिकत नाहीत. दुसऱ्या एका विषयात वर्गातलं दीड तासाचं लेक्चर तसंच उचलून टाकलंय, पहिली चार मिनिटं माइक चालू आहे का यातच जातात.

तरी खरी गोष्ट वेगळीच. स्टॅटिस्टिक्सच्या पहिल्या असाइनमेंटला उत्तर बरोबर येऊनही १० पैकी ६ मिळाले, जाम चिडले. खाली टीएने (टीचिंग असिस्टंट, म्हणजे असाइनमेंट तपासणारे) लिहिलेलं, "सॅम्पल नऊचंच आहे, इथे टी टेबल लागतं, तुमचा निष्कर्ष नशिबाने बरोबर आलाय." म्हणजे कोणीतरी पायरी न् पायरी वाचली होती! त्यानंतर दर रविवारी रात्री बाराच्या आत सबमिट करायचंच असं झालं, पाहुणे असोत, ताप असो, कारण बुधवारपर्यंत तपासून येणार हे माहीत होतं आणि ते वाचायची उत्सुकता असायची.

वैताग पण आहे. वेबकॅमवरच्या परीक्षेत विचार करताना दोनदा छताकडे बघितलं म्हणून कॉपीचा संशय, फ्लॅग, मग खुलाशाचे मेल, निकालाला ११ दिवस. ग्रुप प्रोजेक्टबद्दल तर बोलायलाच नको.

या टर्मला टीए बदललेत, तीनशे जणांमागे दोनच. तीन आठवडे झाले, पहिली असाइनमेंट अजून तपासून आलेली नाही, आणि गेल्या रविवारी मी पहिल्यांदाच डेडलाइन चुकवली.